हजेरीबाबूंचं पंचविसावं वर्ष

आमच्या भाऊजींना मी आयुष्यभर अहो-जाहो करत आले आणि इथेही तेच करणार आहे. सवय मोडत नाही. त्यात आदर शोधायला जाऊ नका.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. बाटल्यांच्या कारखान्यात टाइमकीपर होते. फाटकालगतच्या काचेच्या खोलीत तीस वर्षं बसून कोण किती मिनिटं उशिरा आलं एवढंच त्यांनी लिहिलं. कामगार त्यांना हजेरीबाबू म्हणत. बाटली कशी बनते हे त्यांना शेवटपर्यंत धड सांगता आलं नसतं, पण भट्टीवरचा माणूस सात वाजून चार मिनिटांनी आत आला तर त्याची किती मजुरी कापायची हे तोंडपाठ होतं. एका फोरमनची बायको बाळंत झाली त्या सकाळी तो दवाखान्यातून धावत आला, तर यांनी त्याच्याही कार्डावर 'उशीर' असा शिक्का मारला. वर हे निवृत्तीनंतरही छाती फुगवून सांगायचे. "नियम म्हणजे नियम. मी माझ्या बापालासुद्धा सोडला नसता."

अशा माणसाच्या हाती आरोग्य विम्याची पॉलिसी पडली. दोघांची मिळून एक, यांच्या नावावर. ताई तेव्हा छत्तीस वर्षांची होती. वर्षातून एकदा हप्ता भरायचा. तुम्ही-आम्ही भरतो आणि विसरतो. भाऊजींनी त्याचं पूर्णवेळ काम करून टाकलं.

सुरुवातीला ते कंपनीच्या खिडकीवर जायचे. खिडकी दहाला उघडायची, हे नऊला दारात. मग घरी येणारा एक एजंट धरला. गरीब माणूस, सायकलवरून यायचा. त्याला हे वहीत आल्याची वेळ लिहायला लावायचे. तिसऱ्या वर्षी बिचारा सोमवारऐवजी मंगळवारी उगवला, मुदत संपायला अठरा दिवस असताना, तर त्याला 'बेभरवशाचा' म्हणून कायमचा हाकलला. मग चेक. पंधरा दिवस आधी कंपनीच्या दारातल्या पेटीत टाकायचा आणि पेटी रिकामी केली का हे बघायला रोज जायचं. फटीतून आत बॅटरी मारून बघताना त्यांना तिथल्या रखवालदाराने पकडलं होतं. मग बँकेला सांगून ठेवलं, ठरल्या तारखेला पैसे खात्यातून आपोआप कापले जावेत म्हणून. ज्यांच्यामागे दहा कामं असतात त्यांच्यासाठी ही सोय, डोक्याला ताप नको म्हणून. भाऊजी मात्र आदल्या दिवशी बँकेत जायचे, त्या दिवशी जायचे आणि दुसऱ्या दिवशीही जायचे. त्यांना येताना बघून मॅनेजर आतल्या खोलीत गडप व्हायचा.

शेवटी मोबाइल आला. मोबाइलवरून हप्ता भरायचा म्हणजे इस्त्रीचा शर्ट, पट्टा आणि बूट घालून टेबलाशी बसायचं. समोर ताई. तिने पॉलिसीचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचायचा, यांनी तो दाबायचा, मग तिने पुन्हा वाचायचा. तेवढ्या वेळात पंखासुद्धा बंद, लक्ष विचलित होतं म्हणे. भरून झालं की स्क्रीनचा फोटो, कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची छापील प्रत, आणि त्या प्रतीला वरून प्लास्टिक.

एवढं करून गप्प बसतील तर ते भाऊजी कसले. जिन्याच्या वळणावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला धरायचे. "मुदतीच्या पंधरा दिवस आधीची आठवण लावून ठेवा. वाजली की त्याच दिवशी भरा. हप्त्याचं खातं निराळं ठेवा. पावती आल्याशिवाय भरला असं म्हणू नका." सल्ला खोटा नव्हता, हीच तर पंचाईत. सरळ माणसाच्या तोंडून आला असता तर लोकांनी ऐकलाही असता. यांच्या तोंडून आला की वाटायचं, मुद्दाम उशीर करावा.

मी मात्र ऐकायची. हे कबूल केलंच पाहिजे. आमचे हे पावाच्या बेकरीची गाडी चालवायचे, आणि विम्याचा हप्ता शेवटच्या दिवशी दुपारी, शर्टाची बटणं वरखाली लावून, धावत जाऊन भरायचे. एका वर्षी चुकलेच. पॉलिसी बंद पडली, पुन्हा तपासण्या, पुन्हा अर्ज. महिनाभर मी जेवताना त्यांना भाऊजींचं उदाहरण ऐकवत होते. हे एकदाच म्हणाले, "तुझे भाऊजी हप्ता भरतात की लग्न लावतात?" आणि मी अबोला धरला. कुणासाठी, तर त्या माणसासाठी! आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ताई म्हणेल की तू अर्धंच सांगतेस. भाऊजी सतरा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. वडिलांचा विमा होता, पण हप्ता चुकला होता. सवलतीचे दिवस संपून अकरावा दिवस होता. घरात एक पैसा आला नाही. आईने पुढे लोकांचे कपडे शिवून तीन पोरं वाढवली. हे मला ताईने सांगितलं, भाऊजींनी कधीच नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यातून माणूस वेळ पाळायला का शिकला तेवढंच कळतं. पुढे त्यांनी जे केलं त्याचं काय?

चोवीस वर्षं झाली. एक दिवस उशीर नाही आणि एकदाही क्लेम नाही. पडसं-खोकल्याला क्लेम नसतोच, आणि दोघांची तब्येत चांगली होती, त्यात भाऊजींचं कर्तृत्व शून्य. पण त्यांना ते आपलंच वाटायचं. अशात कंपनीच्या शाखेतले मोठे साहेब त्यांना म्हणाले, "वा, चोवीस वर्षं! पंचविसावं असंच जाऊ द्या, मग तुमचा सत्कारच करू. मानपत्र देऊ, भिंतीवरचं घड्याळ देऊ."

झालं. माणूस जमिनीवर राहिला नाही. कार्यक्रमासाठी नवे बूट घेतले. शेजाऱ्यांना निमंत्रणं गेली. भाषण लिहून झालं. ताई छापखान्यात प्रूफं तपासायची, म्हणून भाषण तपासायला तिच्याकडे.

आणि नेमका तेव्हाच ताईच्या पोटात दुखायला लागलं. उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पाठीमागून खांद्यापर्यंत जायची. सोनोग्राफी झाली. पित्ताशयात तीन खडे. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात पित्ताशय काढून टाका, साधं ऑपरेशन आहे, तिसऱ्या दिवशी घरी जाल.

रिपोर्ट घरी आला तेव्हा मी तिथेच होते. भाऊजींनी तो वाचला, घडी घातली आणि कॅलेंडरकडे बघितलं.

"नूतनीकरणाला साडेपाच महिने आहेत," ते म्हणाले. "तेवढं काढू."

"डॉक्टर महिन्यात म्हणालेत," ताई म्हणाली.

"डॉक्टरांना काय, ऑपरेशनचं टेबल रिकामं राहायला नको असतं. तेल-तूप सोड. खडा गप्प बसतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "भाऊजी, मग चोवीस वर्षं हप्ते कशासाठी भरलेत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, सात वाजून चार मिनिटांनी आलेल्याकडे बघावं तसं. "विमा वापरायचा नसतो. असायचा असतो."

हे वाक्य त्यांनी इतक्या शांतपणे उच्चारलं की मला क्षणभर वाटलं, यात काहीतरी अर्थ असेल. नव्हता.

ताई म्हणाली, "जाऊ दे गं. पाचच तर महिने." आणि मी जाऊ दिलं. पर्स उचलली आणि घरी आले. भाऊजींना नावं ठेवताना हेही मोजायला हवं.

मग ताईचं सगळं खाणं उकडलेलं. उकडलेला भोपळा, उकडलेला भात. आठवड्याला एकदा कळ यायची, मग दिवसाआड यायला लागली. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाय पोटाशी घेऊन बसायची आणि शेजारच्या खोलीत भाऊजी आरशासमोर भाषण म्हणत असायचे. त्या भाषणात एक वाक्य होतं, "माझ्या या यशात माझ्या पत्नीच्या निरोगी प्रकृतीचा मोठा वाटा आहे." ताईने ते तपासलं. 'निरोगी'ची वेलांटी चुकली होती, ती नीट केली आणि कागद परत दिला. हे तिने मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हाच माझा धंदा. एका सकाळी ताई चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आली. काउंटरवरच्या दिव्याखाली तिने चष्मा काढला आणि मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा धमक झाला होता. हात हातात घेतला तर तापाने भाजत होता.

"कधीपासून?"

"परवापासून थंडी वाजतेय. यांना म्हटलं. म्हणाले, अंगावर काढ, एकाहत्तर दिवस राहिलेत."

मी दुकानाचं शटर ओढलं. टॅक्सीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली आणि हळूच म्हणाली, "काडी राहिलीच गं."

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. खडा नळीत अडकला होता आणि आत पू होत होता. मला त्यांनी विम्याच्या खिडकीवर पाठवलं. तिथे केस घट्ट बांधलेली एक मुलगी बसली होती. म्हणाली, "पॉलिसीचं कार्ड द्या, निदान नंबर तरी."

कार्ड भाऊजींच्या कपाटात, कुलपात. मी फोन लावला.

"भाऊजी, ताईला दाखल केलंय. पॉलिसीचा नंबर सांगा."

आधी त्यांनी दवाखाना कुठला ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "क्लेम टाकू नकोस."

"अहो, तिला कावीळ झालीय! आजच्या आज खडा काढायचाय!"

"मी कुठे काढू नका म्हणतोय? पैसे भरून काढा. तू सध्या भर. मी तारखेनंतर बघतो."

तारखेनंतर बघतो! ज्याने जन्मभर दुसऱ्यांची चार-चार मिनिटं कापली तो माणूस मला सांगत होता की तू भर, मी नंतर बघतो. माझ्या तोंडून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही. खिडकीतली मुलगी मान खाली घालून कागद सारखे करायला लागली.

मी आत गेले. ताई स्ट्रेचरवर होती, हाताला सलाइन, ओठ कोरडे. म्हटलं, "ताई, ते नंबर देत नाहीत."

तिने डोळे मिटले. मला वाटलं गुंगी आली. पण ती बोलायला लागली. एकेक आकडा, सुटा सुटा, मध्ये श्वास घेत. चौदा आकडे. मग पुन्हा पहिल्यापासून चौदा आकडे, तपासून घ्यायला. कितीतरी वर्षं त्या टेबलाशी बसून वाचलेला नंबर तिला पाठ नसेल तर कुणाला असणार? मी बिलाच्या पाठीवर लिहून घेतला. खिडकीतल्या मुलीने तो टाकला आणि म्हणाली, "आहे. चालू आहे. पेशंटची सही आणा." ताईने सही केली. वाकडीतिकडी, पण पूर्ण नाव.

तासाभराने भाऊजी आले. आधी खिडकीवर गेले, मग बायकोकडे. हा क्रम मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

"पॉलिसी माझ्या नावावर आहे," ते त्या मुलीला म्हणाले. "हा अर्ज मागे घ्या. क्लेम न केल्याचा माझा बोनस जाईल."

मुलीने पडद्यावर बघितलं. "सर, बोनस या क्लेमने फक्त दहा टक्के कमी होईल. आणि तुमचा तर कधीच कमाल मर्यादेला पोचलाय. पुढे वाढतच नव्हता."

"मला माहीत आहे," भाऊजी म्हणाले. "प्रश्न रेकॉर्डचा आहे."

माहीत होतं त्यांना! त्या क्षणापर्यंत मी त्यांना कंजूष समजत होते. कंजूष परवडला असता. तो निदान काहीतरी वाचवतो.

तोंडातून नळी घालून अडकलेला खडा काढला, आणि चार दिवसांनी पित्ताशयही काढलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की आणखी दोन दिवस गेले असते तर विष रक्तात भिनलं असतं. मी ते भाऊजींना शब्दशः सांगितलं. त्यांनी मान हलवली. काय समजले कोण जाणे.

ताईला मी माझ्याकडे आणलं. आमचे हे रोज बेकरीतून तिच्यासाठी मऊ पाव आणायचे, आणि आणून झाला की बाहेर जाऊन बसायचे. आठव्या दिवशी भाऊजी भेटायला आले. हातात फळं नव्हती, कागद होता. कंपनीला लिहिलेलं पत्र. त्यात असं होतं की सदर क्लेम पॉलिसीधारकाच्या संमतीविना, पत्नीने तापाच्या भरात व गैरसमजातून केला असून पंचवीस वर्षांच्या नोंदीतून तो वगळावा. खाली ताईच्या सहीसाठी जागा सोडली होती.

"एवढी सही कर," भाऊजी म्हणाले. आवाज मऊ होता. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. "कार्यक्रमाला अजून वेळ आहे. कदाचित ऐकतील."

ताईने चष्मा लावला. पत्र सावकाश वाचलं. मग म्हणाली, "पेन द्या."

मी ओरडणारच होते. तिने हात वर करून मला थांबवलं. सहीच्या जागेवर तिने तिच्या गोल, छापखान्यातल्या अक्षरात लिहिलं, 'मी पूर्ण शुद्धीत होते.' खाली सही केली, तारीख घातली, वेळही घातली, आणि कागद त्यांच्या हातात दिला.

भाऊजींनी तो दोनदा वाचला. कान लाल झाले. उठले आणि निघून गेले. चहा तसाच राहिला.

महिन्याने ताई घरी परत गेली. मी म्हटलं, राहा इथेच. ती म्हणाली, "घर माझंही आहे. मी का सोडू?" पण जायच्या आधी ती एकटी कंपनीच्या शाखेत गेली आणि आपली पॉलिसी वेगळी करून घ्यायचा अर्ज दिला. तसं करता येतं, विचारलं की सांगतात. जुनी वर्षंही धरतात. तिथल्या साहेबांची बदली झाली होती. नव्या बाईंना तिने सहज विचारलं, तो पंचवीस वर्षांचा सत्कार कधी असतो? बाईंना काही कळेना. त्यांनी फायली बघितल्या, शिपायाला विचारलं. असा कुठला कार्यक्रम नव्हताच. कधीच नव्हता. मागचे साहेब गोड बोलणारे होते, सगळ्यांनाच काहीबाही कबूल करायचे.

हे ताईने मला दुकानात येऊन सांगितलं. मी म्हटलं, "आता घरी जाऊन त्यांच्या तोंडावर फेक!"

"नाही सांगणार," ती म्हणाली.

"का?"

"बसू देत हळहळत."

अजून सांगितलेलं नाही. भाऊजी आजही लोकांना सांगतात की माझा सत्कार हुकला, घरच्यांमुळे. ताई शेजारी बसून ऐकते.

तिच्या पहिल्या हप्त्याच्या दिवशी ती माझ्या दुकानात होती. गिऱ्हाईक नव्हतं. बोलता बोलता मोबाइल काढला, अंगठ्याने चारदा दाबला आणि पर्समध्ये टाकला.

"काय केलंस?"

"हप्ता भरला."

"झाला?"

"झाला."

"बस्स? एवढंच?"

"एवढंच असतं ते," ताई म्हणाली आणि फ्रेमच्या किमती विचारायला लागली.

पुढच्या वर्षी भाऊजींना हर्निया झाला. तातडीचा नव्हता, डॉक्टरांनी सहा महिन्यांत कधीही या म्हटलं होतं. भाऊजी तिसऱ्या दिवशी दाखल झाले. कार्ड कपाटातून निघालं, अर्ज आदल्या दिवशीच भरून तयार, स्वतंत्र खोली, वर नाश्ता वेळेवर आला नाही म्हणून लेखी तक्रार. मी भेटायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते आणि सलाइन बदलायला आलेल्या नर्सला समजावत होते. "हप्त्याचं खातं निराळं ठेवायचं. पंधरा दिवस आधीची आठवण. माझं बघा, एक दिवस चुकला नाही, म्हणून आज ही सोय."

नर्स हो हो म्हणत बाहेर पळाली.

मला राहवलं नाही. "भाऊजी, विमा वापरायचा नसतो ना?"

ते माझ्याकडे बघून क्षमाशील हसले, अडाण्याकडे बघून हसावं तसं. "ते वेगळं होतं," म्हणाले. "तेव्हा रेकॉर्ड होतं. आता ते मोडलंच आहे."

ताई खिडकीपाशी बसून संत्रं सोलत होती. मला वाटलं, आता तरी ती काही बोलेल. तिने फोडींवरच्या शिरा सावकाश काढल्या, निम्मं संत्रं मला दिलं, निम्मं स्वतः खाल्लं आणि बिया त्यांच्या रिकाम्या कपात टाकल्या.